सोनं-पॅलेडियम कॅटॅलिस्ट: ऑर्डर देण्याआधी आणि बाटली उघडण्याआधी

आमच्याकडून येणाऱ्या कॅटॅलिस्टच्या (रासायनिक क्रिया वेगानं घडवणाऱ्या पदार्थाच्या) बाटलीतली काळी पूड म्हणजे सक्रिय कार्बन, आणि त्यावर बसवलेले सोनं-पॅलेडियमच्या मिश्रधातूचे नॅनोकण. दोन्ही धातू मिळून वजनाच्या १ टक्का, बाकी सगळा कार्बन.

ऑर्डरमध्ये नुसतं "१:१" लिहू नका. सोन्याचा अणुभार १९७, पॅलेडियमचा १०६.४. अणूंच्या हिशेबानं १:१ हवं असेल तर त्या १ टक्क्यात सोनं ०.६५ आणि पॅलेडियम ०.३५ टक्के भरतं. वजनानं निम्मं-निम्मं घेतलं, तर सोन्याच्या एका अणूमागे पॅलेडियमचे जवळपास दोन येतात आणि माल वेगळाच वागतो. शंका आली की आम्ही फोन करतोच, पण तुम्ही लिहिलंत तर दिवस वाचतो.

दोन्ही धातूंच्या क्षारांचं पातळ द्रावण आम्ही एकाच भांड्यात घेतो. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घालतो. मग क्षारांतून धातू मोकळा करणारं सोडियम बोरोहायड्राइड, तेही त्याच वेळी विरघळवलेलं. शिळं चालत नाही. पिवळसर द्रावण बघता बघता गडद तपकिरी होतं. लालसर झाक दिसली तर सोनं वेगळं पडलं असं समजून ती बॅच तिथेच थांबवतो. नंतर कार्बन घालून सल्फ्युरिक आम्लानं पीएच १ ते २ वर आणतो. गाळून खाली आलेलं पाणी नितळ आणि बिनरंगी असलं, म्हणजे धातू कार्बनवर बसला.

आता मालाच्या तपासणीचा अहवाल. कृपया फक्त टीईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) फोटो पाहून समाधान मानू नका; त्यातून कणांचा आकार कळतो, मिश्रधातू झाला का ते नाही. आयसीपी या रासायनिक विश्लेषणातून धातूंचं एकूण प्रमाण कळतं. एक्सआरडीत (क्ष-किरण पुडीवरून कोणत्या कोनात वळतात त्याच्या आलेखात) सोन्याचं मुख्य शिखर ३८.२ अंशांवर, पॅलेडियमचं ४०.१ वर (तांब्याचे क्ष-किरण वापरले तर), मिश्रधातूचं या दोन्हींच्या मधे. पण कण ३-४ नॅनोमीटरचे आणि धातू १ टक्का असला की शिखर पसरट होऊन पार्श्वभूमीत हरवतं. म्हणून एकेका कणावर ईडीएक्स (कणातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून त्यातले धातू ओळखणं) करून दोन्ही धातू त्याच कणात आहेत का, ते आम्ही बघतो. खरा पुरावा तोच, आणि तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.

पूड उगाच तापवू नका, कण एकत्र येऊन मोठे होतात. हायड्रोजनसोबत वापरल्यावर गाळण कागदावरची पूड कोरडी पडू देऊ नका, विशेषतः मिथेनॉल वापरलं असेल तर. हवा लागताच पेट घेऊ शकते. पाण्यानं ओली ठेवा आणि तशीच झाकणबंद डब्यात भरा.