भांडखोर प्रेमिकांची सुखात्मिका

प्रेम आणि लग्न या दोहोंच्या नावाने बोटे मोडणारी दोन माणसे एकमेकांना टोमणे मारता मारता प्रेमात पडतात, अशा कथानकाचा रोमँटिक कॉमेडीतला एक उपप्रकार. एरवीच्या प्रेमकथेत घराण्याचे वैर, गरिबी किंवा खलनायक आडवा येतो. इथे नायक-नायिकेचा स्वभावच आडवा येतो. दोघांत विळ्याभोपळ्याचे सख्य. तरी भरल्या घरात तो नेमका तिलाच शोधून डिवचतो आणि तिचेही उत्तर तयार असते. काय चालले आहे हे प्रेक्षकाला पहिल्याच प्रवेशात कळते. त्या दोघांना कळायला शेवट गाठावा लागतो.

या प्रकाराचा सर्वांत ठळक जुना नमुना शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये (लेखन सुमारे १५९८–९९) आढळतो. यातली भांडखोर जोडी बीआट्रिस आणि बेनेडिक. बीआट्रिसचे नाटकातले पहिलेच वाक्य बेनेडिकची चौकशी करणारे आहे: तो युद्धावरून परतला का? अर्थात तेही त्याला नावे ठेवत. पुढे मित्रमंडळी संगनमत करून त्याच्या कानावर पडेल अशा बेताने बोलतात, की ती त्याच्यावर जीव टाकते. तिच्या बाबतीतही हाच डाव खेळला जातो. पण तिच्यावर तो डाव पडण्याआधीच बीआट्रिस त्याला जेवायला बोलवायला येते आणि आपण मनाविरुद्ध आलो असल्याचे फटकून सांगते. प्रेमाची टिंगल करणारा हा गडी त्या वाक्यातही गूढार्थ शोधत बसतो. मात्र दोघांचे प्रेम केवळ या फसवणुकीवर उभे नाही. तिची नात्यातली बहीण हीरो हिच्यावर लग्नमंडपात खोटा आळ येतो, तेव्हा बीआट्रिसच्या शब्दाखातर तो आळ घेणाऱ्या जिवलग मित्राला, म्हणजे हीरोचा नवरदेव क्लॉडिओ याला, द्वंद्वाचे आव्हान देतो. थट्टेआडचा विश्वास इथे उघडा पडतो. मुख्य कथानक हीरो आणि क्लॉडिओ यांचे असले तरी लोकांना भावली ती ही जोडी. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने आपल्या प्रतीत नाटकाच्या नावाशेजारी या दोघांचीच नावे लिहून ठेवली होती.

बोलपटांनी या प्रकाराला वेग दिला. फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये (१९३४) पळून आलेली श्रीमंत मुलगी आणि तिच्या बातमीवर टपलेला पत्रकार एकाच खोलीत रात्र काढतात. मधे दोरीवर घोंगडी टांगलेली असते आणि वाद तिच्या आरपार चालू राहतात. हॉवर्ड हॉक्सने ‘हिज गर्ल फ्रायडे’साठी (१९४०) मूळ नाटकातल्या दोन पुरुषांपैकी एकाची स्त्री केली, तीही संपादकाची घटस्फोटित पत्नी. पात्रे एकमेकांचे वाक्य तोडत इतक्या झपाट्याने बोलतात, की हसायलाही उसंत मिळत नाही. ‘डेस्टिनेशन वेडिंग’ने (२०१८) उलट टोक गाठले: नको असलेले दोन पाहुणे, दुसऱ्याचे लग्न आणि संवाद जवळपास फक्त त्या दोघांचेच.

भांडण बरोबरीचे असावे लागते, ही या प्रकाराची खरी अट. एकच जण घाव घालू लागला तर विनोद संपून छळ उरतो; नवरा हट्टी बायकोला वठणीवर आणतो ते शेक्सपिअरचेच ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ आज अनेकांना खटकते ते त्यामुळेच. दुसरी अडचण शेवटाची. कबुली झाली की पात्रे गुळमट होतात, आणि ज्यासाठी आपण बसलो होतो तेच हरवते. खुद्द ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये चुंबनाने तोंड बंद करण्याचे वाक्य येते आणि त्यानंतर बीआट्रिसला एकही संवाद नाही. इंग्रजी नाटककार काँग्रीव्हने ‘द वे ऑफ द वर्ल्ड’मध्ये (१७००) यापेक्षा चतुर वाट काढली. मिलामंट आणि मिराबेल लग्नाआधी अटींची घासाघीस करतात. लग्नानंतर लाडाची नावे चालणार नाहीत, चारचौघांत चुंबन घ्यायचे नाही, असे ती बजावते. मग तो आपली यादी काढतो. तिच्या चहाच्या बैठकीत चहा, कॉफी, चॉकलेट चालेल, मद्य नाही, हे त्यातले एक कलम.