तेलाची कढई गप्प होते तेव्हा

लालबागच्या चाळीत आमची आजी निर्गुडीचं तेल घरीच कढवायची. गावाहून कोणी पाल्याची पिशवी आणली की दुसऱ्या दिवशी पाट्यावर पाला वाटून त्याचा गोळा व्हायचा, मग तिळाचं तेल, त्यात तेलाच्या कितीतरी पट पाणी, आणि मंद स्टोव्हवर अख्खी दुपार. जे पाणी शेवटी उडूनच जाणार ते घालायचंच कशाला हे मला काही केल्या कळायचं नाही. आजी म्हणायची, पाणी नसलं तर पाला करपेल रे. तिच्या त्या एका वाक्यात सगळं फिजिक्स होतं हे मला फार उशिरा कळलं.

आयुर्वेदात ह्याला स्नेहपाक म्हणतात. प्रमाण साधारण ठरलेलं, वाटलेला कल्क १ भाग, तेल ४ भाग आणि पाणी किंवा काढा १६ भाग. आता आपल्या वडापावच्या गाडीवरची कढई आठवा, तिथलं तेल १७०-१८० डिग्रीला तापलेलं असतं, त्यात पाला टाकला तर बघता बघता काळा होईल. पण कढईत पाणी आहे तोवर उष्णता वाफ करण्यातच खर्च होते, तापमान १०० च्या आसपास अडकून राहतं, तेही तासन्‌तास, आणि तेवढ्यात पाल्यातली तेलात विरघळणारी द्रव्यं न जळता तेलात उतरतात. क्षीरबला तेलात तर चिकणा म्हणजे बला ही वनस्पती आणि तिळाच्या तेलासोबत दूध असतं, आणि दुधातली प्रथिनं तेल-पाणी एकमेकांत मिसळायला मदत करतात.

मग पाणी संपलं हे कसं ओळखायचं? आजी कान देऊन बसायची. तडतड थांबली, कढई गप्प झाली, की कल्काची बोटांत वात वळून दिव्यावर धरायची, वात तडतडली तर अजून पाणी शिल्लक आहे. शार्ङ्गधर संहिता ह्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात हीच परीक्षा दिलेली आहे, शिवाय तेल होत आलं की वर फेस येतो (तुपाचं उलट, तिथे फेस बसतो), आणि अंगाला चोळायच्या तेलासाठी थोडा जास्त आटवलेला खरपाक सांगितलाय. थर्मामीटर नसताना फक्त कान आणि बोटं वापरून केलेली ही टेस्ट आहे, मला तिचं आजही कौतुक वाटतं. आणि ती नुसती रीत नाहीये, तेलात पाणी राहिलं की ते लवकर खराब होतं. तिळाच्या तेलात मुळातच सेसमिन, सेसमॉल अशी अँटिऑक्सिडंट, म्हणजे तेल खवट होणं लांबवणारी द्रव्यं असतात म्हणून ते बराच काळ टिकतं. शिवाय ते थंडीत गोठत नाही, खोबरेल २४ डिग्रीच्या खाली घट्ट होतं, मुंबईत जानेवारीच्या सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते ती त्यामुळेच.

आता तेल हाडापर्यंत मुरतं असं सगळेच म्हणतात, मालीशवाली मावशीसुद्धा, पण तसं होत नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाच असतो, तरी साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू त्यातून सहज जात नाहीत, आणि तेलाचा रेणू ८८० च्या आसपास असतो. तो वरच्या थरातच राहतो, तिथे ओलावा उडून जाऊ देत नाही, म्हणून कोरडी त्वचा मऊ होते. कापूर आणि गंधपुऱ्याच्या तेलातला मिथाइल सॅलिसिलेट मात्र दोन्ही १५२ चे, ते आत जातात. म्हणूनच रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर गंधपुरा असलेलं तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोळू नका, आणि तान्ह्या बाळाला कापराचं तेल अजिबात नको, कापराने बाळांना झटके येऊ शकतात. बाळाच्या नाकात तेल सोडायची पद्धत तर बंदच करा प्लीज, ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

मग आईचे गुडघे नारायण तेलाने हलके होतात ते कशाने? त्यातल्या शतावरी-अश्वगंधेचा वाटा किती हा वेगळा प्रश्न, पण हाताचा वाटा नक्की आहे. केसाळ त्वचेत काही बारीक नसा असतात, त्या सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर एवढ्या हळू फिरणाऱ्या स्पर्शालाच जास्त प्रतिसाद देतात आणि तो स्पर्श सुखद वाटतो, आणि तेलामुळे हात न ओढता तसा सावकाश फिरतो. दिवाळीच्या अभ्यंगाला आपण सगळे लोकल पकडायच्या घाईत कसंबसं तेल फासतो, तिथेच हे हातचं जातं.

गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर मात्र मालीश करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते. आणि घरातली जुनी बाटली एकदा उघडून हुंगा, खवट वास आला तर कितीही महागाची असली तरी टाकून द्या.