जुन्या गेमची लिनक्सवारी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा. त्यामुळे सदाशिव पेठेपासून सिंहगड रोडपर्यंत कितीतरी घरांतले धडधाकट पीसी एका तारखेला म्हातारे ठरले. काही भंगारात गेले, काहींवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आली. ब्राउझर, ऑफिस, प्रिंटर यांची घडी लवकर बसते. मग घरातली चाळिशीची मंडळी मूळ मुद्द्यावर येतात. एज ऑफ एम्पायर्स चालेल का? रोड रॅश? आयजीआय?

हल्ली यावर 'प्रोटॉन आहे की' असं ठरलेलं उत्तर मिळतं. प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, वाईन या जुन्या प्रोग्रॅमवर उभं असलेलं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. प्रोटॉन आलं ऑगस्ट २०१८ मध्ये. जुने गेम त्याच्या कितीतरी आधीपासून लिनक्सवर चालत होते. जे अडले, त्यांतले बरेचसे ग्राफिक्सपर्यंत पोचलेच नव्हते. कुठे इन्स्टॉलरच उघडत नव्हता, कुठे सीडीचं कॉपी रोखणारं कुलूप आडवं येत होतं, कुठे ३२-बिट (म्हणजे जुन्या घडणीच्या प्रोसेसरसाठीची) लायब्ररी, गेमला लागणाऱ्या तयार कोडची फाइल, जागेवर नव्हती.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाईनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं, तेव्हा समोर विंडोज ३.१ चे १६-बिट प्रोग्रॅम होते. १.० ही आवृत्ती यायला १७ जून २००८ उजाडला. पंधरा वर्षं 'अल्फा' आणि 'बीटा'तच गेली, आणि लोकांनी ती बिनतक्रार वापरली. डूम लिनक्सवर १९९४ मध्येच आला होता आणि १९९७ च्या डिसेंबरात त्याचा सोर्स कोड खुला झाला. ज्या गेमचा सोर्स खुला झाला त्याची पुढची चिंता मिटली. दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी तो नव्या सिस्टीमवर आणतंच. हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलं.

विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टीमवरच्या गेमचा प्रश्न २००२ नंतर जवळपास सुटला. त्याआधीची जुगाडं प्रोसेसरच्या एका खास सोयीवर उभी होती, आणि प्रोसेसर ६४-बिट मोडमध्ये गेला की ती सोय मिळत नाही. डॉसबॉक्स या प्रोग्रॅमने सरळ अख्खा जुना प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये उभा केला, साउंड ब्लास्टर या साउंड कार्डसकट. २२०, ७, १ हे त्या कार्डाचे आकडे ज्यांनी एकेकाळी सेटअपमध्ये हाताने भरले, त्यांना तेच आकडे तिथे आयते भरलेले दिसतात. प्रिन्स आणि डेव्ह एवढीच ज्याची मागणी असेल, त्याने इथे वाचन थांबवून खेळायला बसावं.

खरी गुंतागुंत विंडोज ९५ ते एक्सपी या काळातल्या गेमची. पुण्यात घरोघरी पीसी आले तेही साधारण याच काळात. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि 'मुलांच्या कोर्ससाठी' म्हणून पीसी घेण्याला घरात मान्यता मिळाली. तपकीर गल्लीत भाव काढायचा, असेंबल करून घ्यायचा, वर विंडोज ९८ कोणी टाकून दिलं हे विचारायचं नाही. गेमच्या सीडीही अशाच, पाच-दहा गेम एकीत कोंबलेल्या. लिनक्स आलं इंजिनिअरिंगच्या लॅबमधून आणि एका इंग्रजी कॉम्प्युटर मासिकासोबत मिळणाऱ्या सीडीवरून. मोडेमवर एवढं डाउनलोड करणं परवडणारं नव्हतंच. मग ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही), दोन-तीन पार्टिशन, आणि गेमसाठी पुन्हा विंडोजमध्ये जाण्याचा कंटाळा. त्या कंटाळ्यातून वाईनकडे वळलेली बरीच माणसं आज शहरातल्या आयटी कंपन्यांत सर्व्हर सांभाळत असतील.

त्या वर्षांत तीन वाटा होत्या. पहिली, एका अमेरिकी कंपनीने १९९८ पासून लिनक्ससाठी खास तयार करून विकलेले गेम: सिमसिटी ३०००, हिरोज ३ वगैरे. ती २००२ च्या सुरुवातीला बुडाली. तिच्याकडे वाढलेली एसडीएल ही लायब्ररी मात्र उरली, आणि डॉसबॉक्सही तिच्यावरच उभा राहिला. दुसरी वाट म्हणजे वाईनचा कोड घेऊन एका कॅनडियन कंपनीने काढलेली गेमसाठीची आवृत्ती, महिना पाच डॉलर वर्गणीची. पुण्यातल्या विद्यार्थ्याकडे ना डॉलर, ना क्रेडिट कार्ड. तिचा कोड फुकट मिळे, पण सीडीची कॉपी-प्रोटेक्शन ओळखणारा भाग त्यातून वगळलेला असे, कारण तो लायसन्सवर घेतलेला होता. ही कंपनी वाईनचा कोड वापरते पण स्वतःची सगळी सुधारणा परत देत नाही, यावरून वाद पेटला आणि मार्च २००२ मध्ये वाईनने लायसन्स बदललं: यापुढे वाईनमध्ये केलेला बदल वाटायचा तर तो कोडसकट वाटायचा. कंपनी जुन्या लायसन्सचा कोड घेऊन वेगळी झाली आणि २०११ मध्ये तिचं ते उत्पादन बंद पडलं. तिसरी वाट साधं वाईन, संथ आणि फुकट. टिकली तीच.

त्या काळातली एक गंमत नोंदवायला हवी. पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडी वाईनवर हटकून अडायची, कारण सेफडिस्कसारखं कुलूप सीडीवरच्या मुद्दाम केलेल्या खुणा तपासायला विंडोजच्या आत स्वतःचा ड्रायव्हर घुसवायचं. क्रॅक केलेल्या सीडीत ते कुलूपच नसे, त्यामुळे ती निमूट चालायची. पुढे विंडोजचीही तीच गत झाली. विंडोज १० ने २०१५ मध्ये तो ड्रायव्हर घेतलाच नाही, आणि त्याच वर्षीच्या एका सिक्युरिटी अपडेटने जुन्या विंडोजवरही तो बंद केला. अस्सल सीडीवाले दोन्हीकडून कोरडे.

इन्स्टॉलरचं दुखणं याहून छुपं. नव्वदीच्या उत्तरार्धातले अनेक गेम ३२-बिट असले तरी त्यांचा सेटअप १६-बिट होता, कारण विंडोज ३.१ वर चुकून कोणी तो चालवला तर निदान नीट सूचना दाखवता यावी. ६४-बिट विंडोजने १६-बिट कोड चालवणंच सोडलं. काही ठरावीक इन्स्टॉलरपुरती पळवाट ठेवली. ६४-बिट लिनक्सवर वाईन तो कोड चालवत राहिलं. मध्येच २०१४ मध्ये लिनक्सच्या कर्नलमधली (म्हणजे गाभ्यातली) माहिती झिरपण्याची एक त्रुटी बुजवण्यासाठी १६-बिट सेगमेंटवर, म्हणजे असा कोड चालायला लागणाऱ्या मेमरीच्या तुकड्यांवर, सरसकट बंदी आली. वाईनवाल्यांनी ओरड केली आणि काही महिन्यांतच त्रुटीवर नेमका इलाज निघून वाट पुन्हा मोकळी झाली. ही चकमक फारशा कोणाच्या लक्षातही नाही. पुढची मात्र गाजली.

१८ जून २०१९ ला उबुंटू या लोकप्रिय लिनक्समागच्या ब्रिटिश कंपनीने जाहीर केलं की १९.१० या आवृत्तीपासून आय-३८६ म्हणजे ३२-बिट पॅकेजेस मिळणार नाहीत. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने फिरत होत्या आणि निम्मा वाद त्यातूनच झाला. ३२-बिट प्रोसेसरच्या मशीनसाठीची डेस्कटॉप आवृत्ती २०१७ मध्ये, १७.१० पासूनच बंद झाली होती, आणि तिच्यासाठी कोणी रडलं नव्हतं. २०१९ चा निर्णय नव्याकोऱ्या ६४-बिट मशीनवर ३२-बिट प्रोग्रॅम चालवायला लागणाऱ्या लायब्ररींबद्दल होता. बातमी वाचून 'एवढं जुनं मशीन आता कोणाकडे आहे' असं म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवरचा एज ऑफ एम्पायर्स त्याच लायब्ररींवर चालत होता. ३२-बिट गेमला वाईन लागतं ३२-बिट, त्या वाईनला ग्राफिक्स ड्रायव्हर, ध्वनी, फॉन्ट यांच्या लायब्ररीही ३२-बिट लागतात. एक कडी काढली की सगळी माळ सुटते.

कंपनीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. हजारो पॅकेजेस दोनदा बांधायची, दोनदा तपासायची, आणि ३२-बिटसाठी सुरक्षेचे नवे उपाय वेळेवर येईनासे झाले होते. दिवसभर सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे पटणारंच. त्याच्या मशीनवर ३२-बिट काही नसतंच. पण सुचवलेला पर्याय होता जुनी १८.०४ आवृत्ती कंटेनरमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात, ठेवून त्यात गेम चालवण्याचा. संध्याकाळी घरी येऊन अर्धा तास खेळायला बसणाऱ्याला हा सल्ला देणारा स्वतः गेम खेळत नसावा. शिवाय निर्णयामागे पुरेशी चाचणी नव्हती. घोषणेनंतर उबुंटूच्याच एका कार्यकर्त्याने पोलंडच्या एका ऑनलाइन दुकानातून मिळणारे काही जुने गेम निव्वळ ६४-बिट वाईनवर लावून पाहिले, तर बरेचसे इन्स्टॉलरपाशीच अडले. हे आधी केलं असतं तर घोषणेची भाषा वेगळी असती.

वाईनच्या मंडळींनी १९.१० साठी ३२-बिट वाईन देता येणार नाही असं सांगितलं. खरा धक्का गेम विकणाऱ्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानाने दिला: १९.१० ला आमचा अधिकृत सपोर्ट नसेल. २४ जूनला, म्हणजे आठवडाभरातच, माघार आली आणि निवडक ३२-बिट पॅकेजेस १९.१० आणि २०.०४ मध्ये ठेवण्याचं ठरलं. 'समुदायाचं ऐकलं' असं त्याचं वर्णन झालं. वाईनवाले पहिल्या दिवसापासून बोलत होते; ऐकू आलं ते दुकान बोलल्यावर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मॅकओएसने ३२-बिट पूर्ण काढून टाकलं आणि तिथे कोणालाही माघार घ्यावी लागली नाही. फेडोरा या दुसऱ्या एका लिनक्समध्ये २०२५ च्या जूनमध्ये असाच प्रस्ताव आला, तसाच गदारोळ झाला आणि तो मागे घेतला गेला.

यावर कायमचा तोडगा म्हणून वाईनने ३२-बिट गेम ६४-बिट लायब्ररींवरच चालवण्याची नवी रचना घडवली. जानेवारी २०२४ च्या ९.० मध्ये ती वापरण्याजोगी झाली, पण दोन उणिवा जाहीर होत्या: ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स-व्यवस्थेचा वेग कमी आणि १६-बिट कोडला आधार नाही. नेमक्या जुन्या गेमला लागणाऱ्या दोन गोष्टी.

आता पुन्हा प्रोटॉन. त्याचा गाजलेला भाग डीएक्सव्हीके, विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी या ग्राफिक्स-व्यवस्थेचं व्हल्कन या नव्या व्यवस्थेत रूपांतर करणारा. एका जर्मन तरुणाने आपल्या आवडीचा एक गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून तो लिहायला घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र त्याच्याच जोरावर चाललं. पण डीएक्सव्हीके सुरुवातीला डायरेक्टथ्रीडी १० आणि ११ साठी होता. ९ नंतर आलं आणि ८ तर २०२४ मध्ये. मूळ एज ऑफ एम्पायर्ससारखे डायरेक्टड्रॉ या त्याहून जुन्या पद्धतीने काढलेले २५६ रंगांचे गेम त्याच्या वाटेला जातच नाहीत. प्रोटॉनमध्येही ते वाईनच्या जुन्या, ओपनजीएलच्या रस्त्यानेच चालतात. हेच गेम विंडोज ७ वर लाल गवत आणि जांभळं पाणी दाखवायचे, आणि एक्सप्लोरर बंद करून खेळायची युक्ती तोंडोतोंडी फिरायची.

आणि विंडोज ११ ने नाकारलेल्या मशीनचं काय? डीएक्सव्हीकेच्या २.० पासून व्हल्कन १.३ लागतं. इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या अंगभूत ग्राफिक्सला ते जमत नाही. अशा पीसीवर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोटॉनला सेटिंगमधून जुन्याच रस्त्यावर वळवावं लागतं, किंवा सरळ साधं वाईन टाकावं लागतं. २००० च्या आसपासच्या गेमला तेवढं पुरतं.