गेम एकदाच विकत घ्या, घरात सगळे खेळा

‘विकत घेतलेला गेम एकाच फोनवर चालतो, मुलांसाठी पुन्हा पैसे भरा’ हा समज चुकीचा आहे. गूगल प्लेच्या फॅमिली ग्रुपमध्ये तुम्ही धरून सहा जण बसतात. फॅमिली लायब्ररीत, म्हणजे ग्रुपच्या सामायिक संग्रहात, टाकलेला आणि वाटून घेण्याची मुभा असलेला गेम प्रत्येकजण आपापल्या खात्यावर फुकट उतरवू शकतो. मात्र सगळे एकाच देशातले हवेत. अमेरिकेतल्या लेकाला पुण्यातल्या ग्रुपमध्ये घेता येत नाही.

खरी फसगत ‘फ्री’ गेममध्ये होते. आत पैसे भरून उघडलेल्या लेव्हल, नाणी गूगल प्लेवर कुटुंबात वाटली जात नाहीत. तीन मुलं असतील तर तिप्पट खर्च! म्हणून मला तरी आधीच किंमत सांगणारा गेमच परवडणारा वाटतो.