काळ्या रानाचा इतिहास समुद्राखाली

एप्रिल-मेमध्ये परभणीकडच्या काळ्या रानात भेगा पडतात. एखाद्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. वरची भुसभुशीत माती, काडीकचरा त्यात पडत राहतो. मृगाचा पाऊस झाला की माती फुगते, भेगा मिटतात आणि पडलेलं सगळं आतच राहतं. ही उलथापालथ दरवर्षीची. म्हणून या मातीत जुन्या काळाचे थर एकावर एक नीट राहत नाहीत. ते बघायला बंगालच्या उपसागरात जावं लागतं.

पावसाळ्यात पैठण, गंगाखेड, नांदेडवरून गढूळ होऊन जाणारी गोदावरी हीच माती नेते. समुद्राला मिळताच तिचा वेग सरतो. वाळू मुखाजवळ बसते. बारीक गाळ भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्राखालच्या उथळ भागाच्या, बाहेरच्या कडेपर्यंत आणि पुढे उतारावरून खाली जातो. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी जवळपास 120 मीटर खाली होती. तेव्हा मंचाचा बराचसा भाग कोरडा होता आणि नद्या थेट त्या कडेजवळ गाळ टाकत. असे कोट्यवधी वर्षांचे थर दबून त्यांचे खडक झाले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला नैसर्गिक वायू याच खडकांत सापडतो.

2006 साली 'जॉइडेस रिझोल्यूशन' हे समुद्रतळ खणणारं जहाज गॅस हायड्रेटच्या, म्हणजे तळाच्या गाळात बर्फासारख्या रूपात अडकलेल्या वायूच्या, शोधात तिथे आलं. मंचापलीकडच्या उतारावर, सुमारे 1,300 मीटर पाण्याखालून काढलेल्या गाळाच्या एका नमुन्यात गेल्या अकराएक हजार वर्षांचा गोदावरी खोऱ्याचा इतिहास निघाला. पानांवरचा मेणाचा थर गाळात टिकून राहतो. त्यातल्या कार्बनवरून रान झाडीचं होतं की गवताचं, हे समजतं. ज्वारी-बाजरीसारख्या कोरडं हवामान सोसणाऱ्या वनस्पतींची कार्बनची खूण वेगळी असते. सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून ती खूण वाढत गेली, म्हणजे पाऊस घटत गेला. गाळ कुठला, हे निओडिमियम हे मूलद्रव्य सांगतं: दख्खनच्या बेसॉल्टमधलं त्याच्या समस्थानिकांचं (कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) एकमेकांशी प्रमाण नांदेडपलीकडच्या जुन्या ग्रॅनाइटी खडकांपेक्षा वेगळं असतं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यातून निघालेला निष्कर्ष. पाऊस कमी झाला तशी मातीची धूप कमी व्हायला हवी होती. ती उलट वाढली. झाडोरा विरळ झाला, जमीन उघडी पडली आणि जो काही पाऊस पडला तो माती घेऊन गेला. पुढे दख्खनवर शेती पसरली तशी धूप आणखी वाढली. या गाळाने समुद्राखालचा काठही झपाट्याने वाढवला. कोरड्या सालातला एकच झोडपणारा पाऊस बांध फोडून जातो, हे पाहिलेल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

आता हा गाळ आटला आहे. 1970च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे 15 कोटी टन गाळ समुद्रात नेत होती. 1990च्या दशकात ते प्रमाण 6 कोटी टनांच्याही खाली आलं. जायकवाडी आणि खोऱ्यातल्या इतर धरणांमागे बरीच माती अडते. रानातून मात्र ती आजही जातेच आहे.