कोरल ब्लीचिंग आणि समुद्राचं आम्लीकरण: पांढरं पडलेलं प्रवाळ ॲसिडने जळालेलं नसतं

पांढऱ्याफटक पडलेल्या प्रवाळाचा फोटो बघितला की बरेच जण म्हणतात, समुद्र ॲसिडिक झाला ना, त्याने जळालं सगळं. काळजीपोटीच म्हणतात, पण कारण चुकीचं धरतात. पांढरं पडणं म्हणजे ब्लीचिंग, आणि ते मुख्यतः गरम पाण्यामुळे होतं. आम्लीकरण वेगळंच प्रकरण आहे आणि त्याचा असा फोटो निघतच नाही. दोन्हीच्या मुळाशी आपण जाळलेला कोळसा, तेल आणि गॅस आहे, दोन्हीचा मार प्रवाळांना बसतो, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे, पण उपायांची चर्चा सुरू झाली की हीच गल्लत फार नडते.

आधी ब्लीचिंग बघू. प्रवाळ दगड नाही आणि झाडही नाही, तो प्राणी आहे, म्हणजे खरं तर हजारो छोट्या प्राण्यांची वसाहत. यातला एकेक प्राणी, म्हणजे पॉलिप, बहुतेक वेळा काही मिलिमीटरचाच असतो, आणि त्याच्या पेशींच्या आत झुझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं, काही प्रवाळांची तर 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा यातूनच येते. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही बराचसा या शैवालाचाच. आता त्या जागेच्या उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी फक्त 1 डिग्रीने वर गेलं आणि चारेक आठवडे तसंच राहिलं, तर त्या शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू तयार व्हायला लागतात आणि प्रवाळ आपल्या या अन्नदात्यालाच बाहेर काढून टाकतं. मागे राहतं ते पारदर्शक मांस, आणि त्यातून आरपार दिसणारा पांढरा सांगाडा.

ब्लीच झालेली फांदी अगदी जवळून बघितली तर त्या पांढऱ्यावर काचेसारखा पातळ ओलसर थर दिसतो, आणि रात्री त्यातूनच बारीक बारीक हात बाहेर येतात, पाण्यात तरंगणारे बारीक जीव, म्हणजे प्लवक, पकडायची धडपड चालू असते. म्हणजे ते जिवंत आहे, उपाशी आहे. पाणी वेळेत थंड झालं तर आत उरलेलं शैवाल पुन्हा वाढतं आणि काही आठवड्यांत-महिन्यांत रंग परत येतो. नाही झालं तर प्रवाळ मरतं, आणि मेल्यावर थोड्याच दिवसांत सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाची लव चढते. त्यामुळे शुभ्र प्रवाळ बहुतेक वेळा अजून जिवंत असतं किंवा नुकतंच गेलेलं असतं, आणि शेवाळलेल्या मळकट ढिगाऱ्याकडे कोणी फारसं बघत नाही पण खरी मोडतोड तिथे झालेली असते.

हे सगळं उपग्रहावरून मोजता येतं. अमेरिकेची नोआ ही संस्था पाणी किती डिग्रीने जास्त तापलं आणि किती आठवडे तसं राहिलं याचा एकत्र हिशोब ठेवते, तो आकडा 4 च्या वर गेला की ब्लीचिंगची शक्यता धरतात आणि 8 च्या वर गेला की मोठ्या प्रमाणात प्रवाळ मरण्याची. जगभर एकाच वेळी ब्लीचिंग 1998 ला झालं, 2010 ला झालं, 2014 ते 2017 असं लांबलचक झालं आणि चौथं चालू असल्याचं एप्रिल 2024 मध्ये जाहीर झालं. रीफ म्हणजे प्रवाळांच्या सांगाड्यांनी उभी राहिलेली रांग, आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 अशी पाठोपाठ मोठी ब्लीचिंग झाली. भराभर वाढणाऱ्या प्रवाळांनाही नीट सावरायला दहाएक वर्षं लागतात, आणि इथे मध्ये एक ते तीन वर्षंच मिळताहेत, मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

आता आम्लीकरण. यात उष्णतेचा संबंध नाही, ही सरळ केमिस्ट्री आहे. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. तो पाण्यात मिसळला की कार्बोनिक ॲसिड होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि ते पाण्यातल्या कार्बोनेटला जाऊन चिकटतात. शिंपले, कालवं, प्रवाळ या सगळ्यांना कवच किंवा सांगाडा बांधायला हेच कार्बोनेट लागतं, म्हणजे घर बांधायला काढलं आणि विटाच कोणीतरी उचलून नेल्या अशी गत. पाणी किती आम्ल आहे हे पीएचने मोजतात, तो जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल, आणि औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण 8.2 वरून 8.1 वर आलाय. आकडा किरकोळ वाटतो, पण पीएचची मोजपट्टीच अशी आहे की 0.1 ची घट म्हणजे हायड्रोजन आयन 25 ते 30 टक्क्यांनी वाढले. समुद्र अजूनही अल्कलीच्याच बाजूला आहे, 7 च्या खाली गेलेला नाही, त्यामुळे ॲसिडने कोणी जळतंय हे चित्र डोक्यातून काढून टाकायला हवं. त्रास असा की कवच बांधायला जास्त ऊर्जा खर्ची पडते, वाढ मंदावते, सांगाडा ठिसूळ होतो.

अमेरिकेत ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर कालवांची पिल्लं तयार करणाऱ्या हॅचरीत 2007 च्या सुमारास अळ्या लाखोंनी मरायला लागल्या. आधी जिवाणूंवर संशय गेला, मग कळलं की वारा विशिष्ट दिशेने वाहिला की खोल समुद्रातलं थंड, कार्बन डायऑक्साइड भरलेलं पाणी वर येतं आणि तेच पाणी टाक्यांत घेतलं जातंय. कालवाची अळी पहिल्या दोनेक दिवसांत आपलं पहिलं कवच बांधते आणि तेव्हा तिच्याकडे अंड्यातून मिळालेल्या शिदोरीशिवाय फारसं काही नसतं. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर ती शिदोरी कवचातच संपते आणि अळी मरते. आता तिथे पाण्याची केमिस्ट्री सतत तपासतात आणि सोडा मिसळून पाणी सुधारून घेतात. टाकीत हे जमतं, उघड्या समुद्रात कसं जमणार?

दोन्ही वेगळे आहेत याचा पुरावा हवा असेल तर पापुआ न्यू गिनीतल्या मिल्ने बे भागात बघा. तिथे ज्वालामुखीमुळे समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वर येत असतात, पाणी गरम नसतं पण पीएच कमी असतो. तिथे प्रवाळ पांढरं पडून मरत नाही, गोलाकार दगडासारखं पोराइट्स नावाचं प्रवाळ टिकून आहे, पण फांद्यांची, नाजूक रचनांची प्रवाळं खूप कमी होतात, आणि त्या फांद्यांच्या आडोशाला राहणारे जीवही. पीएच 7.7 च्या खाली जातो तिथे तर रीफ बनतच नाही. उलट बाजूने बघायचं तर खोल, अंधाऱ्या, थंड पाण्यात लोफेलियासारखी प्रवाळं असतात, त्यांच्यात शैवाल नसतंच, त्यामुळे ती या अर्थाने ब्लीच होऊच शकत नाहीत, पण आम्लीकरणाचा धोका त्यांना मोठा आहे, कारण थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो आणि खोलीत कार्बोनेट मुळातच कमी. म्हणजे ब्लीचिंगचा पहिला फटका उष्ण कटिबंधात आणि आम्लीकरणाचा थंड पाण्यात.

एकाच रीफवर दोन्ही आले की जास्त वाईट होतं. उष्णतेने प्रवाळ मारलं, मग नवीन पिल्लं बसून सांगाडा उभा करायचा तर आम्लीकरणामुळे तो हळू बनतो, आणि तेवढ्यात जुना सांगाडा पोखरणारे स्पंज आणि शैवाल आपलं काम करतच असतात.

उपायांचं बघा. सांडपाणी आणि गाळ रोखला, शेवाळ खाणारे मासे वाचवले तर ब्लीचिंगनंतर रीफला सावरायला खरंच मदत होते, ते करायलाच हवं. पण सूर्यप्रकाश परतवायला वातावरणात कण फवारायचे वगैरे ज्या योजना मांडल्या जातात त्यांनी फार तर पाणी थंड होईल, हवेतला कार्बन डायऑक्साइड आहे तसाच राहील आणि समुद्र तो पीतच राहील. ब्लीचिंग आणि आम्लीकरण एकच समजणाऱ्याला वाटेल की तापमान उतरलं म्हणजे सुटलो. आणि तापलेलं पाणी ऋतू बदलला की थंड तरी होतं, पण आम्लीकरण समुद्रातल्या गाळाने आणि झिजणाऱ्या खडकांनी आपोआप भरून निघायला हजारो वर्षं लागतात. त्यामुळे समुद्र वाचवायची कुठलीही योजना समोर आली की मी आधी हेच बघतो की त्यात कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन कमी होतंय का, की नुसतं पाणी थंड करायचं चाललंय.