स्पेसिफिकेशन मोडणारे फर्मवेअर आणि हायपरवायझर

एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारा आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारा प्रोग्राम म्हणजे हायपरवायझर. झेन (2003) आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) 2007 साली आलेला केव्हीएम ही त्याची परिचित उदाहरणे. यंत्र सुरू होताना मेमरी कुठे, प्रोसेसर किती, उपकरणे कोणती, हे त्याला फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डच्या चिपमध्येच भरलेला प्रोग्राम, सांगते. कसे सांगायचे ते एसीपीआय (1996) आणि यूईएफआय या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे लिखित नियमावल्यांमध्ये, ठरलेले आहे. मदरबोर्डवर मात्र ते दर वेळी पाळले जातेच असे नाही.

बेळगाव भागात याला पहाणी उताऱ्याची, म्हणजे जमीन आणि पिकाच्या सरकारी नोंदीची, उपमा चपखल बसते. निपाणीकडे रान घेणारा नुसता उतारा बघून विसार देत नाही. शिवारात जाऊन बांध बघतो, शेजाऱ्याला विचारतो. कागदावर पड असते आणि रानात तंबाखूचे पीक उभे असते. फर्मवेअरचा मेमरी नकाशा हा असाच उतारा.

बूट सर्व्हिसेस म्हणजे यंत्र सुरू होतानाच लागणाऱ्या फर्मवेअरच्या सेवा. यूईएफआयप्रमाणे ‘एक्झिटबूटसर्व्हिसेस’ या हाकेने त्या संपल्या की त्यांची मेमरी मोकळी धरायची. कित्येक फर्मवेअर त्यानंतरही जुन्या कुळासारखे त्याच जागेत शिरते. ती जागा तोवर दुसऱ्या कामाला दिली असेल, तर यंत्र कोसळते. म्हणून लिनक्स ती मेमरी फर्मवेअरला मेमरीतले नवे पत्ते देऊन होईपर्यंत राखून ठेवतो; झेनमध्ये यासाठी ‘मॅपबीएस’ हा पर्याय आहे. फर्मवेअर आपली माहिती एसीपीआय तक्त्यांत देते. अशा तक्त्यातल्या सगळ्या बाइटची बेरीज 256 ने निःशेष भागली, तर चेकसम (पडताळणीची बेरीज) बरोबर. पण ही झाली शिक्क्याची तपासणी. तक्त्याची लांबी, आत दिलेले पत्ते, एकमेकांवर चढलेले मेमरीचे पट्टे हे सगळे वेगळे तपासावे लागते.

दोष मुळातच का दुरुस्त होत नाही? उत्पादकाची चाचणी बहुधा विंडोज चालले की संपते. (लिनक्सही फर्मवेअरने विचारल्यावर ‘मी विंडोज’ असेच सांगतो, खरे सांगून फायदा झाला नाही.) शिवाय उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये हिशेबाला ठेवलेला सर्व्हर वर्षानुवर्षे चालतो, त्याचे बायोस (फर्मवेअर) अपडेट मात्र कधीच बंद झालेले असते. अशा यंत्राचा बूट लॉग चाळला, तर ‘फर्मवेअर बग’ अशी चौकटी कंसातली ओळ सापडू शकते. ती कर्नलची तक्रार असते; ती नोंदवून तो पुढे जातो.

दर वेळी पुढे जाणे मात्र बरे नव्हे. रीबूटची एक पद्धत बिघडली, तर दुसरी वापरता येते. उपकरणांना कोणत्या मेमरीत हात घालू द्यायचा हे ठरवणाऱ्या आयओएमएमयूचा तक्ताच चुकीचा असेल, तर अंदाजाने चालवणे म्हणजे एका आभासी संगणकाचे रान दुसऱ्याला खुले करणे. तिथे ते उपकरण आभासी संगणकाला न देणे सुरक्षित. झेनमध्ये ‘आयओएमएमयू हवाच’ असे सांगून ठेवता येते. तो सुरू झाला नाही, तर झेन बूटच थांबवतो.